वळणजाईचा फूत्कार

"आली गो आली! आईनं श्वास सोडला!"

कुणीतरी बाई किंचाळली आणि रस्त्यावर जमलेली सगळी गर्दी एकदम वाकली. कुणी डांबरावर डोकं टेकलं, कुणी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतल्या. एका गृहस्थानं मात्र आधी पायातल्या चपला काढून बगलेत मारल्या आणि मग नमस्कार घातला. भक्ती भक्तीच्या जागी, चपला चपलांच्या जागी.

आता आईनं श्वास सोडला होता कुठून? मूर्तीतून नाही, डोंगरातून नाही. एका लालभडक स्पोर्ट्स कारच्या उघड्या बॉनेटमधून! पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या रस्त्यावर, कापडे गावाच्या वरच्या वळणावर ती गाडी भर रस्त्यात उभी होती. तिच्या नाकाला झेंडूचा जाडजूड हार, कपाळाला कुंकू, अंगभर गुलाल. आणि शेजारी भगवी लुंगी, काळा गॉगल आणि गळ्यात रुद्राक्षांचं ओझं घेतलेले चंदन महाराज. त्यांनी इंजिनजवळच्या पाण्याच्या टाकीचं झाकण उघड्या हातानं काढलं होतं, आत फुस्स झालं होतं आणि थोडीशी वाफ वर आली होती. एवढाच तो श्वास.

"बघा!" महाराजांनी तळहात सगळ्यांना दाखवला. "देवीच्या फूत्कारात हात घातला. एक केस जळला? बोला, जळला?"

"नाय!"

"जळंल कसा? जो देवीचा, त्याला आगीचं पाणी होतं. जो वाईट नजरेचा, त्याला पाण्याची आग होते! अरे, ही गाडी म्हणजे काय? पंचमहाभूतं! टायरात वायू, टाकीत अग्नी, रेडिएटरात जल, खाली रस्ता म्हणजे पृथ्वी. आणि आकाश?"

गर्दी गप्प. मलाही उत्सुकता होती, गाडीत आकाश कुठं बसवतात त्याची.

"आकाश काचेतून दिसतंय!" महाराज गरजले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कपाळाला हात लावला.

मी अमिता. इकडच्याच एका हायस्कुलात विज्ञान शिकवते आणि सुनीलच्या वडाप, म्हणजे सीट भरून धावणाऱ्या, जीपनं ये-जा करते. त्या रविवारी सुनीलची जीप या गर्दीमागं अडकली म्हणून मी खाली उतरले होते. वळणजाई नावाची देवी आमच्या तालुक्यात मागच्या वर्षापर्यंत कुणी ऐकली नव्हती. जाखमाता आहेत, वाघजाई आहेत, त्यांच्या पालख्या वाडवडिलांपासून नाचतात. ही मात्र चंदन महाराजांबरोबर आली. वळणावर एका दगडाला शेंदूर फासला, वर पत्रा टाकला, घंटा टांगली आणि झालं देवस्थान.

गाडी यशराजची. तो वरच्या गावचा, माझाच विद्यार्थी. पनवेलकडे कंटेनर वाहतुकीचा धंदा करून मोठा झाला आणि शिमग्याला ही लाल गाडी घेऊन गावी आला. साहजिकच आधी वळणजाईपुढं पूजा झाली, आणि तेव्हापासून गाडीला खोड लागली. हायवेला सुसाट पळायची, पोलादपूर सोडून चढ लागला की तापायची. एसीतून गरम वारा, मग लाल दिवा, मग वाफ. मुंबईला दाखवली तर संगणकात बिघाड दिसेना. महाराजांना मात्र लगेच दिसला. यशराज दर रविवारी गावी यायचा, तेव्हा इंजिन बंद करायला लावून ते गाडीपुढं आरती करायचे, मग देवीची कहाणी, मग मौन, मग झाकण काढून 'श्वास' सोडायचे. त्यानंतर पाणी ओतलं की गाडी मुकाट वर जायची. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. हा चमत्कार बघायला महाडहून माणसं यायला लागली, दासगावहूनही आली. भजी, उसाचा रस, नारळ, सगळी दुकानं लागली.

त्या दिवशी मात्र महाराजांनी नवीनच काढलं. डोळे मिटून अंगात आल्यासारखं डोकं घुसळलं आणि म्हणाले, "देवीनं आज नाव सांगितलंय! कपाळ रिकामं, हातात काठी, मागं शेळ्या. तिची नजर लागलीय गाडीला!"

सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. रस्त्याच्या कडेला, गर्दी सरायची वाट बघत, साळूबाई आपल्या शेळ्या घेऊन उभी होती.

साळूबाई वरच्या वाडीवरची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. दोन म्हशी, शेळ्यांचा कळप आणि वळणालगतची वरकस, डोंगरउताराची जमीन एवढा तिचा संसार. आमच्या शाळेच्या चहाला दूध तिचंच. शिमग्याला ती लाल गाडी पहिल्यांदा तिच्या शेळ्यांसमोर येऊन थांबली, तेव्हा ती खुदकन हसली होती आणि म्हणाली होती, "काय गो ही गाडी, बेडकीसारी भुईला चिकटलीय!" झालं. तेवढ्या हसण्याची आता नजर झाली होती.

आणि एक गोष्ट मला सुनीलनं कानात सांगितली. वळणालगतच्या त्या वरकस जमिनीवर महाराजांना भक्तनिवास बांधायचा होता आणि साळूबाईनं "माझी शेरडं काय तुमच्या मठात चरतील?" असं म्हणून त्यांना वाटेला लावलं होतं.

"ती जर निर्दोष असंल," महाराज म्हणाले, "तर पुढच्या रविवारी तिनं येऊन हे झाकण उघड्या हातानं काढावं. माझा हात जळला नाय, तिचाही जळणार नाय. जळला, तर गावकीनं काय करायचं ते गावकी जाणे."

गावकी काय जाणे ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वाळीत. एकदा वाळीत टाकलं की दूध कुणी घेत नाही, दळण कुणी दळत नाही, लग्नाचं आमंत्रण नाही, मेलं तर खांदा द्यायला माणूस नाही.

मी तिथंच भांडले. गावकीचे अध्यक्ष महिपतीआबा पुढं उभे होते, वयानं मोठे, बोलणं मोजकं. त्यांना म्हटलं, "आबा, हा गुन्हा आहे. बाईला असं दिव्य करायला लावणं कायद्यात बसत नाही, वाळीत टाकणंही बसत नाही."

"बाई, आमी कुठं टाकतोय?" आबा शांतपणे म्हणाले. "देवीच ठरवंल. तुमी शाळेत शिकवा."

माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी साळूबाईच्या वाडीवर गेले. ती म्हशीला पाणी पाजत होती. म्हटलं, "साळूबाई, तुम्ही अजिबात जायचं नाही. आपण पोलिसांत तक्रार करू."

"बाई, पोलीस येतील नि जातील. मला इथंच ऱ्हायचाय." तिनं बादली खाली ठेवली. "मी जाणार हाय. झाकाण काढणार हाय."

"अहो, हात भाजेल! तोंडावर उकळतं पाणी उडेल!"

"भाजला तर दुसरा हात हाय मला. वाळीत टाकलं तर दुसरा गाव कुठनं आणू?"

ही बाई घाबरलेली नव्हती, वेडीही नव्हती. तिनं हिशेब केला होता, आणि तो हिशेब बरोबर होता, याचाच मला जास्त संताप आला. कायदा तिचा हात वाचवू शकत होता, पण नाव? रविवारी ती आली नसती तर "बघा, घाबरली, म्हंजे तीच" असं गाव म्हणालं असतं. म्हणजे नुसतं दिव्य थांबवून भागणार नव्हतं. ती गाडी का तापते हे त्याच वळणावर, त्याच लोकांसमोर दाखवायला हवं होतं.

मी यशराजला फोन लावला. "गाडी हायवेला तापत नाही ना?"

"नाही बाई. शंभराच्या वर गेलो तरी सुई हलत नाही. फक्त घाटात."

"आणि एसी?"

"तोसुद्धा घाटातच. आधी एसी गरम होतो, मग इंजिन. पण बाई, सगळे सेन्सर ठीक आहेत. मग दुसरं काय असणार? महाराज म्हणतात ते..."

"दहावीला तुला उष्णतेचा धडा मी शिकवला होता," मी म्हटलं. "तो वाया गेला, एवढंच यातून सिद्ध होतं." आणि फोन ठेवला.

पण त्यानं सांगितलेलं डोक्यात घोळत राहिलं. वेगात असताना वारा आपण होऊन जोरात आत घुसतो, तेव्हा गाडी ठीक. घाटात हळू चालताना वारा पंख्याला ओढून घ्यावा लागतो, तेव्हा बिघडते. एसी आणि इंजिन दोन्ही एकदमच का बिघडावेत? मी सुनीलला विचारलं, "एसीचा गरम वारा बाहेर टाकणारी जाळी कुठं असते रे?"

"पुढंच, बाई. नाकात. आधी एसीची जाळी, तिला कंडेन्सर बोलतात. तिच्या पाठीला रेडिएटरची जाळी. मधी बोटभर फट."

"आणि पूजेचा हार, गुलाल, अक्षता कुठं पडतात?"

सुनील माझ्याकडं बघतच राहिला. "नाकातच की वो!"

पुढचा रविवार उजाडला. ऊन कडक, गर्दी मागच्या वेळेपेक्षा जास्त. यशराज गाडी घेऊन चढ चढून आला तेव्हा लाल दिवा लागलेलाच होता. महाराजांनी इंजिन बंदच करू दिलं नाही. "चालू राहू दे बच्चा, एसीपण चालू. देवी जागी पाहिजे!" बॉनेट उघडलं. आतला पंखा घरघरत होता आणि गरम वारा तोंडावर येत होता. साळूबाई आंघोळ करून ओल्या केसांनी पुढं उभी होती. महाराज पत्र्याच्या सावलीत बसले.

"काढ झाकण, बाये."

"थांबा," मी म्हटलं. "आज आरती नाही?"

"आरती नंतर," महाराज म्हणाले.

"का? दर रविवारी तुम्ही आधी इंजिन बंद करता, मग आरती, मग कहाणी, मग मौन, आणि मग झाकण काढता. आज इंजिन चालू, आणि आरती नंतर. असं का?"

"देवीची इच्छा!"

मी त्यांच्याकडं पाठ केली आणि पुढं बसलेल्या बायकांकडं वळले. बनुबाई होत्या, काशीबाई होत्या, सगळ्या ओळखीच्या. म्हटलं, "बनुबाई, कुकरच्या शिट्ट्या होतात. खाली उतरवल्या उतरवल्या तुम्ही झाकण काढता का?"

"मेलं, थोबाड भाजून घ्यायचंय का?" बनुबाई म्हणाल्या.

"आणि तासाभरानं?"

"मग काय, पोरगापण काढंल. नुसता फुस्स होतो नि..." बनुबाईंचं वाक्य अर्धंच राहिलं. त्यांनी गाडीकडं पाहिलं, महाराजांकडं पाहिलं. "आगं बया! हा कुकर निवल्यावर झाकाण काढायचा गो!"

बायकांमध्ये कुजबुज सुरू झाली. काशीबाई तर मोठ्यानंच म्हणाल्या, "आन् साळूला शिट्टी व्हताना काढायला लावतोय मुडदा!"

मी बोलत राहिले. "या टाकीतलं पाणी नुसतं उकळत नाही, झाकणाच्या दाबाखाली कोंडलेलं असतं. दाब सुटला की त्याची एका क्षणात वाफ होते आणि सगळं तोंडावर येतं. ड्रायव्हर लोकांना हे माहीत असतं. म्हणून गरम रेडिएटरला कुणी हात लावत नाही. थंड झाल्यावर लावतो तो शहाणा माणूस, महाराज नव्हे."

"पाखंडी बाई आहे ही!" महाराज उठले. "शास्त्राचा माज आलाय हिला!"

आणि इतका वेळ काठीवर हनुवटी टेकून ऐकत असलेले महिपतीआबा पुढं झाले. त्यांना माझा राग होताच, पण न्यायाची गोष्ट त्यांना कळत होती. ते म्हणाले, "म्हाराज, भांडाण नको. आधी तुमी काढा. आत्ता, असाच. तुमाला भाजला नाय तर मग साळू काढंल."



महाराजांनी गॉगल सारखा केला. "आज देवीनं मला मना केलंय."

"तुमाला मना," आबा सावकाश म्हणाले, "आन् बाईला हो? आसा कसा काय म्हाराज?"

मागून कुणीतरी फस्सकन हसलं. एकदा हसू फुटलं की ते आवरत नाही, दोघं-तिघं हसले, मग पोरं. महाराजांच्या कपाळावर घाम आला. इंजिनच्या उष्णतेनं आला असेल, उगाच कुणावर आळ नको.

पण माणूस पक्का. त्यानं लगेच बाजू पलटली. "ठीक आहे! मग गाडी का तापते ते सांगा ना, बाई! तुमच्या पुस्तकात आहे का उत्तर? मुंबईच्या संगणकाला सापडलं नाय ते तुम्हाला सापडलं?"

गर्दी पुन्हा त्यांच्याकडं झुकली. खरंच की, गाडी तर तापतेच. लोकांच्या डोळ्यांत तो प्रश्न मला दिसत होता आणि मला तोच हवा होता.

"सुनील, जीप पुढं घे. इंजिन चालू ठेव," मी म्हटलं. पिशवीतून वहीचा एक कोरा कागद काढला आणि जीपच्या तोंडासमोरच्या जाळीवर धरून हात सोडला. कागद खाली पडला नाही. पाल भिंतीला चिकटावी तसा जाळीला चिकटून बसला.

"बघा. पंखा आतून वारा ओढतोय, म्हणून कागद चिकटला. आता हाच कागद लाल गाडीला लावू."

हार बाजूला सारून मी कागद लाल गाडीच्या जाळीवर धरला आणि सोडला. कागद सरळ खाली, डांबरावर. पुन्हा धरला, पुन्हा पडला. दुसऱ्या कोपऱ्यात धरला, तिथंही पडला.

"पंखा तर घरघरतोय," सुनील म्हणाला, "मग वारा कुठनं वढतोय?"

"कुठूनच नाही. नाक चोंदलंय गाडीचं. यशराज, इंजिन बंद कर. निवू दे. मग पुढचं कव्हर काढायचं."

यशराज घुटमळला. "बाई, पण... बंपरला ओरखडा आला तर?"

माझा तोल सुटला. "लाज वाटत नाही तुला? एका बाईचा हात भाजायला निघाला होतास ना रे, मघापासून स्टिअरिंगला बसून! आणि तुला बंपरच्या ओरखड्याची पडलीय?"

पोराची मान खाली गेली. त्यानं इंजिन बंद केलं आणि किल्ली सुनीलच्या हातात दिली.

गाडी निवेपर्यंत कुणी हललं नाही. फुकटचा तमाशा सोडून जाईल तर ती आमची माणसं कसली! मग सुनीलनं पुढचं कव्हर मोकळं केलं आणि टॉर्च घेऊन वरून फटीत डोकावला. "आई शपथ!" एवढंच म्हणाला आणि आबांना बोलावलं. आबा वाकले आणि बघत राहिले.

दोन जाळ्यांच्या मधे गादी भरल्यासारखा थर होता. झेंडूच्या पाकळ्या, कुजून काळ्या झालेल्या. अक्षता. नारळाची शेंडी. हारातली चंदेरी जर. रस्त्यावरची सुकी पानं आणि काटेसावरीचा उडालेला कापूसही होता, पण तो कुठल्याही गाडीत जातो. या सगळ्याला एकत्र चिकटवलं होतं ते गुलालानं. ओला होऊन, वाळून, त्याचा गुलाबी लगदा जाळीच्या बारीक पात्यांमध्ये बसला होता.

"पूजेनंतर गाडी धुता कशी रे?" मी यशराजला विचारलं.

"प्रेशरच्या पाइपानं. पुढून. गुलाल निघावा म्हणून."

"म्हणजे महाराजांनी नाकात घालायचं आणि तू पाण्यानं ठासायचं. दर रविवारी एक थर. जमिनीला टेकलेली गाडी तुझी, नाक लहान, आणि पूजा मात्र ट्रकची!"

सुनीलनं रंगाचा मऊ ब्रश मागवला, बागेतल्या झारीसारखा हलका पाइप लावला आणि उलट्या बाजूनं, आतून बाहेर पाणी सोडलं. "जोरात नाय मारायचा," तो सगळ्यांना सांगत होता, "पाती चपटतात, मग वारा जल्मात जाणार नाय." ब्रश पण पात्यांच्या रेषेनं, वरून खाली. लगदा सुटायला लागला. रस्त्यावर गुलाबी पाण्याचा ओघळ आला, त्यात पाकळ्या, तांदूळ, जर.

"फेकू नका रे, परसाद हाय तो!" एक म्हातारी ओरडली.

"आजी," मी म्हटलं, "पोटात गेला तर प्रसाद. रेडिएटरमध्ये गेला तर कचरा."

कव्हर परत बसलं, नवं पाणी भरलं, इंजिन सुरू झालं. एसी लावला. मी आबांच्याच हातात कागद दिला. त्यांनी तो जाळीवर धरला आणि हात काढला. कागद चिकटून राहिला.

मग यशराजनं त्यांना शेजारी बसवलं आणि गाडी चढाला लागली. आम्ही खाली ताटकळलो. परत आले तेव्हा आबा उतरून म्हणाले, "वरच्या खिंडीपतूर गेलो. एशी लावलेला. लाल दिवा नाय, वाफ नाय. मला हीव वाजला आत."

महाराज दगडाआड पिशवी भरत होते. सुनीलनं त्यांची वाट अडवली. "मागल्या रविवारीच मी बघितला तुला. झाकाण काढताना आधी पाव फेरा फिरवून दम काढतोस ना? ती ट्रकवाल्यांची रीत हाय. कशेडी घाटात ट्रकवर क्लीनर व्हतास तू. गॉगल घातला म्हून वळखला नाय. तुला सगळा म्हाईत व्हता."

म्हणजे हे अज्ञान नव्हतं. गरम रेडिएटरचं पाणी माणसाच्या तोंडाचं काय करतं हे या माणसानं घाटात डोळ्यांनी पाहिलं असणार. ते पाहूनच त्यानं साळूबाईला पुढं उभं केलं होतं. ज्या जमिनीला ती नाही म्हणाली, ती जमीन भाजलेल्या आणि वाळीत पडलेल्या बाईकडून काढून घेणं किती सोपं! मी तिथूनच पोलिसांना फोन लावला, आणि या वेळी साळूबाई नको म्हणाली नाही. तिनं सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आबांचं नावसुद्धा गाळलं नाही.

आबांना ते लागलं. "साळू," ते म्हणाले, "जाला ते जाला. चूक व्हते माणसाची. आता इसरून जा."

"इसरू कशी आबा?" साळूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी माझं सासरं लागता. इतकी वर्सां माझ्या घरचा दूध पिताय. तो बोलला हात घाल, तर तुमी एकानंपन 'नको गो' बोलला नाय. बाहेरची बाई बोलली."

मघाशी हसणारे आणि टाळ्या वाजवणारे सगळे आपापल्या पायाकडं बघत होते.

आता तुम्हाला सांगते, कारण तुमच्याही गावात उद्या कुठल्या तरी वळणावर गाडी बंद पडेल, कुणाचं तरी लेकरू आजारी पडेल, विहीर आटेल, आणि कुणीतरी भगव्या लुंगीत येऊन एखाद्या एकट्या बाईकडं बोट दाखवेल. तुम्हाला रेडिएटर कळायलाच हवा असं नाही. मलाही मागच्या महिन्यापर्यंत कंडेन्सर कशाला म्हणतात ते ठाऊक नव्हतं. गोष्ट बिघडली की तिच्या आत बघा, बाईच्या डोळ्यांत बघू नका. ज्याला कळतं त्याला विचारा, आणि करून बघा. एका कागदानं काम भागतं कधी कधी.

आणि तेवढाही वेळ नसेल, आग समोर पेटलेली असेल आणि कुणी म्हणत असेल की खरं-खोटं ठरवायला हिनं हात घालावा, तर एवढंच करा. त्याला म्हणा, "आधी तू घाल." पण ते मोठ्यानं म्हणा, आणि बाई पुढं उभी राहायच्या आधी म्हणा.